ट्रिम सेन्सर बदलण्याआधी
बोटीच्या मागची मोटर (इंजिन) व्यवस्थित वर-खाली होत असूनही ट्रिमचा, म्हणजे तिचा कोन दाखवणारा, गेजवरचा काटा हलत नसेल, तर हायड्रॉलिक पंपावर संशय घेऊ नका. दोष बहुधा हा कोन मोजणारा सेन्सर, वायर किंवा गेजमध्ये असतो. मोटर उचलून आधी टिल्ट लॉक (तिला वर धरून ठेवणारा खटका) लावा, कारण नुसत्या हायड्रॉलिक दाबाच्या भरवशावर तिच्याखाली हात घालणे धोक्याचे आहे. मग कनेक्टर सोडवून हिरवट गंज आणि अर्थिंग पाहा. खाऱ्या पाण्यातल्या बोटींचे दुखणे पुष्कळदा इथेच सापडते. बहुतेक सेन्सर हे बदलते रेझिस्टर (हालचालीनुसार विद्युत रोध बदलणारे) असल्याने, मल्टिमीटर ओहमवर जोडून, लॉक काढून आणि स्वतः दूर राहून मोटर सावकाश हलवली असता आकडा सलग बदलला पाहिजे. तो मध्येच उडी घेत असेल किंवा बदलतच नसेल, तर सेन्सर बदला. आकडा नीट बदलूनही काटा थोडा चुकत असेल, तर अनेक मॉडेलांत स्क्रू सैल करून सेन्सर किंचित फिरवता येतो.