काटा शून्यावर, गाडी मात्र पळते

प्रश्न : काका, नमस्कार. माझी फोर बाय फोर पिकअप आहे, जांबोटीहून बेळगावला माल नेतो. पावसाळ्यात ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याची, चेन गेली, म्हणून जुन्या मालातली दुसरी केस बसवून घेतली. फोर व्हील नीट लागतं, आवाजही नाही. पण तेव्हापासून स्पीडोमीटरचा काटा हलत नाही, किलोमीटरही पुढे सरकत नाहीत. मेस्त्री म्हणतात केसवरचा वेगाचा सेन्सर गेला, नवीन आणा. पुढच्या महिन्यात पासिंग आहे. आणू का?
– एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : एवढ्यात आणू नका. केस उतरवायच्या आदल्या दिवशी काटा चालत होता ना? मग सेन्सर नेमका त्याच दिवशी मरायचं काही कारण नाही. उतरवताना-चढवताना काय हाललं, ते आधी बघायचं.

गाडीखाली शिरा. केसवर सेन्सरच्या जवळच फोर व्हीलच्या दिव्याचा स्विच असतो आणि काही गाड्यांत दोघांचे कपलर (तारा जोडायचे प्लग) सारखेच दिसतात. अदलाबदल झालीय का, पिन वाकलीय का, जांबोटीच्या चिखलाने आत हिरवा गंज धरलाय का, हे बघा. केसची अर्थिंगची पट्टी परत लावायला विसरणारे मेस्त्रीही कमी नाहीत.

सगळं ठीक असेल तर सेन्सर काढा. बहुतेक ठिकाणी एकच बोल्ट असतो. थोडं ऑइल येईल, घाबरू नका. भोकातून बॅटरी मारून आत बघा: शाफ्टवर दातेरी रिंग आहे का? सेन्सर तिचेच दाते मोजतो. तुमची केस दुसऱ्या मॉडेलची असेल, तर रिंग नसेल किंवा तिथे प्लास्टिकचा गिअर असेल. अशा वेळी नवा सेन्सर लावूनही काटा तसाच राहणार. जुनी केस भंगारात दिली नसेल, तर दोन्ही शेजारी ठेवून दाते मोजा.

रिंग जुळली तर मल्टिमीटर घ्या. पुढची चाकं आणि मागचं एक चाक यांना दगड लावा. मागचं दुसरं चाक जॅकवर उचला, खाली टेकू द्या. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल, ट्रान्सफरचा लिव्हर टू व्हीलवर. मागची दोन्ही चाकं उचलू नका. डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरमुळे, एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं आणि शाफ्ट जागचा हलत नाही. मग माणूस उगाच सेन्सरला शिव्या देत बसतो.

सेन्सर दोन तारांचा असेल तर तो स्वतः एसी व्होल्ट तयार करतो. मीटर एसीवर ठेवून चाक जोरात फिरवा, आकडा थोडासा उठला पाहिजे. वेग वाढला की तोही वाढतो. तीन तारांचा असेल तर तो हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून वीज लागणारा. त्याला किल्ली ऑन केल्यावर सप्लाय आणि अर्थ मिळायला हवं, आणि कपलर लावूनच चाक हळू फिरवताना सिग्नलच्या तारेवर व्होल्ट वर-खाली व्हायला हवेत. सिग्नल येतोय तरी काटा मेलेला असेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये. सप्लाय, अर्थ, रिंग सगळं आहे आणि तरी सिग्नल नाही, तेव्हा मेस्त्रींचं ऐका. बसवताना रबरी ओ-रिंग नवी घाला, सिलिकॉन फासू नका.

काटा चालू झाल्यावर कोल्हापूरच्या हायवेवर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. मोबाइल शेजारच्याच्या हातात. जीपीएसवर 60 आणि काटा 45 दाखवत असेल, तर दात्यांचा हिशोब चुकलाय. रिंगला दाते कमी तर काटा कमी दाखवतो. सेन्सरच्या टोकाला प्लास्टिकचा गिअर असेल तर नेमकं उलट: त्याचे दाते कमी, तर काटा जास्त.

पासिंगचं म्हणाल तर मालवाहू गाडीच्या वेगनियंत्रकालाही बऱ्याच वेळा याच सेन्सरचा सिग्नल जातो. मधे तार तोडून जोड दिला असेल, तर तो जोडही तपासा. काटा चालला तरी नियंत्रक 80 ला गाडी धरतो का, हे आरटीओत जायच्या आधीच बघून घ्या.