झाडाभोवतीची माती मोकळी ठेवा : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर झाडं, पाणी आणि उकाडा यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन जुने पर्जन्यवृक्ष आहेत. चिखल होतो म्हणून कमिटी अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणार आहे. चालेल का? (मुलुंड)

नाही चालणार, आणि हे मीटिंगमध्ये ठासून सांगा. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. पेव्हर बसवताना आधी जमीन खोदतात, मग खडी टाकून ती यंत्राने दाबतात. खोदताना मुळं तुटतात, दाबताना उरलेली गुदमरतात. वरून झाड दोन-तीन पावसाळे हिरवंगार दिसू शकतं, पण खाली कूज सुरू झालेली असते. मग एखाद्या जूनमध्ये ते गाड्यांवर आडवं होतं आणि आपण वाऱ्याला दोष देतो.

आज मातीची काय अवस्था आहे, ते घरच्या घरी कळेल. बुंध्यापासून हातभर अंतरावर बादलीभर पाणी सावकाश ओता. अर्ध्या तासानेही ते वर साचलेलं दिसलं, तर माती आधीच घट्ट झाली आहे, असं समजा.

कमिटीला पैशांची भाषा समजत असेल, तर हा हिशेब द्या. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. मुळांना पाणी नीट मिळत असेल, तर मोठं झाड दिवसाला 100 लिटर पाणी पानांवाटे सहज सोडतं. म्हणजे विजेच्या हिशेबात (एक युनिट म्हणजे 3600 किलोज्यूल) जवळजवळ 67 युनिट उष्णता त्याने आवारातून शोषून घेतली. दीड टनाच्या एसीला तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायला 12-13 तास लागतील, आणि तो ती तुमच्याच आवारात ओतेल. मुळांचं पाणी तोडलंत की हा गारवा गेला.

चिखलावर उपाय आहे. बुंध्याभोवती निदान मीटरभर आळं मोकळं ठेवा, जास्त जमलं तर उत्तमच. त्यात झाडाचाच पालापाचोळा पसरा. चालायच्या वाटेपुरते जांभ्याचे चिरे मातीवर नुसते टेकवा आणि मधल्या फटी सिमेंटने भरू नका.

प्रश्न : झाडं बाष्प सोडतात, मग मुंबईच्या दमट हवेत ती घाम आणखी वाढवत नाहीत का? (गोरेगाव)

शंका रास्त आहे. मे महिन्यात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे पानांतलं बाष्पीभवन मंदावतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जाणवेल तेवढा हा गारवा इथे जाणवत नाही. पण अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पापुढे झाडांचं बाष्प किरकोळ आहे, आणि तेही वारा वाहून नेतो.

मुंबईत झाडाचं मोठं काम सावलीचं. आपल्याला नुसती हवा भाजत नाही, तापलेले रस्ते आणि भिंतीही भाजतात. डांबर नि काँक्रीट दिवसभर ऊन साठवतात आणि रात्री दहा वाजताही ते सोडत बसतात. सावलीतला रस्ता मुळात तापतच नाही. मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो आणि पारा 38-40 अंशांवर जातो. त्या दिवसांत मात्र सावली आणि बाष्पीभवन दोन्ही कामाला येतात.

प्रश्न : झाडं तोडल्यामुळे मुंबईचा पाऊस कमी होईल का? (दहिसर)

शहरातली झाडं मुंबईचा पाऊस ठरवत नाहीत. तो मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्रावरून येतो. झाडं आणि माती पुढचं ठरवतात : पडलेलं पाणी जिरणार, की दहा मिनिटांत गटारात धावणार. विहार आणि तुळशी तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तिथल्या उतारांवरची माती झाडोऱ्याने धरून ठेवली नाही, तर तलाव गाळाने भरतील.

प्रश्न : भरपूर झाडं लावली तर हिंदमाता तुंबणं थांबेल? (परळ)

थांबेल असं सांगणं ही फसवणूक ठरेल. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. समुद्राला 4.5 मीटरच्या वर भरती असताना जोराचा पाऊस आला, की पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्र घेत नाही. तिथे पंप आणि साठवण टाक्याच हव्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यापुढे कुठलीच माती पुरली नसती. मात्र रोजच्या मध्यम सरींत पानांवर अडलेलं नि आळ्यात मुरलेलं पाणी गटारात उशिरा आणि कमी पोहोचतं. म्हणून हिंदमाताला मदत करायची, तर आजूबाजूच्या चढावरची आवारं मोकळ्या मातीची हवीत.

प्रश्न : खाडीकाठच्या तिवरांमुळे दुर्गंधी येते, ती काढून बाग का करू नये? (विक्रोळी)

कृपा करून असं मनातही आणू नका. भरतीच्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळं बोटांसारखी चिखलातून वर येतात. ती लाटांचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात. कोरड्या दिवसांत तिवराचं पान बोटाने पुसून बघा, मिठाची खर हाताला लागेल. झाड नको असलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलाला थोडा कुजका वास असतोच, असह्य दुर्गंधी मात्र आपल्या सांडपाण्याची नि कचऱ्याची असते. कांदळवनं, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीची जंगलं, नष्ट करणं हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे होताना दिसले, तर जागा, वेळ आणि फोटोसह वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे लगेच तक्रार करा. भरावाने भरतीचं पाणी एकदा अडलं, की आतली तिवरं उभ्या उभ्या वाळतात.