वाचकांचे प्रश्न : राणीची बाग कशी बदलते आहे?

प्रश्न : भायखळ्याची राणीची बाग मुळात प्राण्यांसाठीच होती का? (ठाणे)

उत्तर : नाही. १८६२ साली ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली ती वनस्पती उद्यान म्हणून. १८७३ मध्ये ती महापालिकेकडे आली. प्राण्यांचा पसारा नंतर वाढला. म्हणून इथे नवे काहीही बांधताना पहिला मान जुन्या झाडांचाच असायला हवा.

प्रश्न : वाघासमोर काच का? खंदक नको का? (नाशिक)

उत्तर : लोखंडी गजांऐवजी खंदक ही पद्धत जर्मन प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ रुळवली. पण वाघासाठी खंदक सात-आठ मीटर रुंद लागतो आणि तो खणताना मोठ्या झाडांची मुळे तुटतात. इथे काच बरी. मात्र ती थरांची, लॅमिनेटेडच हवी. प्रेक्षकांची बाजू उजेडात राहिली तर काचेत वाघाऐवजी आपलेच चेहरे दिसतात. म्हणून तिथे छप्पर घालून अंधार करावा लागतो. काचेवर थापा मारू नका, प्राणी बिथरतो.

प्रश्न : मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन कसे जगतात? (डोंबिवली)

उत्तर : हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले, त्यांतला एक काही महिन्यांतच दगावला. मार्च २०१७ पासून कक्ष लोकांसाठी खुला झाला. आत १६ ते १८ अंश सेल्सियस तापमान राखतात, पण नुसत्या गारव्याने भागत नाही. पेंग्विनांचा मोठा वैरी म्हणजे अ‍ॅस्परजिलस ही बुरशी. तिचे बीजाणू हवेतून फुफ्फुसात जातात, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत बुरशीला कमी नसते. त्यामुळे हवा गाळूनच आत सोडायची, पाणी सतत फिरते व गाळलेले ठेवायचे. प्रेक्षकांची बाजूही गार आणि कोरडी हवी, नाहीतर थंड काचेवर दव धरते आणि काही दिसत नाही. गोठवलेल्या माशांतले ब-१ जीवनसत्त्व कमी होते. ते भरून काढायला दर किलो माशांमागे २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन (म्हणजेच ब-१) देतात. ते चुकले तर पक्ष्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

प्रश्न : बुधवारी बाग बंद का? (परळ)

उत्तर : आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुटका द्यावी, असा केंद्रीय नियम आहे. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद असते.