दुबई आधी, सुरत आधी की गणित आधी?

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. दहावीत गणित राहिलं आणि त्याच संध्याकाळी "शाळा शिकीसन काय व्हई?" म्हणत तू सुरतची बॅग भरायला घेतलीस, असं ती सांगत होती. तुझा बेतही तिने सांगितला. चुलतभावाबरोबर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर लागायचं, दोनेक वर्षं पैसे साठवायचे, पासपोर्ट काढायचा आणि दुबई गाठायची. बाळा, यातला दुबईचा भाग मला मनापासून आवडला. क्रम तेवढा उलटा लागलाय, म्हणून हे पत्र.

सुरतला मी नावं ठेवणार नाही. पाऊस रुसला तेव्हा आपल्याकडच्या किती घरांच्या चुली सुरतेनेच पेटत्या ठेवल्या. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांतून आजही अहिराणी कानावर पडते. दोंडाईचाला पॅसेंजरमध्ये बसलं की थेट तिथे, ओळखीची माणसं उतरवून घ्यायला उभी. म्हणूनच तो रस्ता सोपा वाटतो. पण तुला जिथे जायचंय, तिथे तो जात नाही.

का, ते सांगतो. कामासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा कायदा आहे. त्याप्रमाणे दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो. असा पासपोर्ट असलेल्याला दुबई, सौदी, कतार, कुवेत, ओमान धरून ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर आधी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कमी शिकलेल्या माणसाला कोणी फसवू नये, म्हणून ही सोय आहे आणि ती असायलाच हवी. दहावी पास झालास की ती तुला लागतच नाही. म्हणजे ज्या एका विषयावर तू रागावून बसलायस, त्याचा हिशेब थेट तुझ्या पासपोर्टपर्यंत पोचतो. आणि कंपनीचा माणूस मुलाखतीला बसला की मार्कशीट आणि आयटीआयचं सर्टिफिकेट बघूनच ठरवतो, हा फिटर की हेल्पर.

त्या दोन शब्दांतला फरक मी आखातात रिफायनरीच्या शटडाऊनला, म्हणजे ती दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा, जवळून पाहिलाय. पाइपरॅकवर आम्ही काम करायचो. फोरमन हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग, म्हणजे पाइपांचा मापांसकट नकाशा, देऊन निघून जायचा. समज, पाइप सरळ चाललाय आणि मध्ये ५०० मिलिमीटर बाजूला सरकवायचाय, ४५ अंशाचे दोन एल्बो, म्हणजे पाइप वळवणारे जोड, लावून. मधला तिरका तुकडा केवढा कापायचा? फिटर सोपस्टोनच्या खडूने पाइपवरच लिहायचा: ५०० गुणिले १.४१४, म्हणजे ७०७. त्यातून दोन्ही एल्बोंचं माप आणि वेल्डिंगची गॅप वजा करायची, खूण करायची, कटरला द्यायचं. हे १.४१४ म्हणजे दोनाचं वर्गमूळ. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या की कर्ण तितक्या पट येतो. तुझ्या गणित भाग २ च्या पुस्तकात दुसरंच प्रकरण आहे बघ, पायथागोरसचं. ते तुझं राहिलंय.

माझ्या जोडीला आपल्याच तालुक्यातला एक हेल्पर होता. आठवीतून शाळा सुटलेली. अंगाने दणकट, कामाला वाघ, आणि नजर इतकी तयार की तुकडा बसणार की नाही, ते लांबून सांगायचा. पण ड्रॉइंग वाचता येत नव्हतं, कागदावर सही करून जबाबदारी घेता येत नव्हती. वर्षं गेली तरी तो हेल्परच राहिला. ऊन दोघांना सारखंच, बस एकच, जेवणाची रांग एकच. पगाराच्या दिवशी मात्र रांगा वेगळ्या. त्याच्या हुशारीत कसर होती, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

आता दुबईच्या पलीकडेही बघ जरा. जर्मनीत आउसबिल्डुंग नावाची पद्धत आहे. धंद्यानुसार दोन ते साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण: इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, बेकरी, हॉटेल, रुग्णसेवा, हवं ते. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, आणि शिकतानाच दरमहा पैसे मिळतात. कारखान्यातल्या अशा प्रशिक्षणात २०२५ साली पहिल्या वर्षासाठी कायद्याने ठरलेली किमान रक्कम ६८२ युरो होती. खर्च त्याहून जास्त येतो, म्हणून व्हिसा देताना तुझा भागणार कसा, हेही विचारतात. आणि आठवड्याचे उरलेले एक-दोन दिवस कुठे जायचं? शाळेत! व्यवसायशाळा चुकवता येत नाही. तिथे पोचायचं तर साधारणपणे बारावीची मार्कशीट आणि बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्याची बातमी तू वाचली असशील. करार झाला म्हणजे तुझं तिकीट निघालं, असं होत नाही. पण दार आहे आणि त्यावर अटी स्पष्ट लिहिल्यात.

जपानने २०१९ पासून कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केलाय. खरं तेच सांगतो, त्या व्हिसाला शाळेची अट नाही. वय १८ पूर्ण हवं, कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा पास हवी. हे वाचून तू उड्या मारशील, म्हणून विचारतो: रोज चार तास बसून नवी लिपी घोटायची सवय तुला कुठे लागणार? मशीनवर बारा तासांची पाळी करून आल्यावर? ती सवय लावायला आत्ता तुझ्याजवळ एकच जागा आहे.

आयटीआयत शिकवायला लागल्यापासून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहतोय. "अभ्यास कर" म्हटल्याने पोरं अभ्यास करत नाहीत. पण एखाद्याने "सर, तिकडे जायला काय काय लागतं?" विचारलं आणि आम्ही कागद घेऊन बसलो, की तोच पोरगा दुसऱ्या दिवशी इंग्रजीचं पुस्तक उघडतो. कोणी भीती घातलेली नसते, त्याला फक्त हे पुस्तक कशासाठी आहे ते समजलेलं असतं. शहादा तालुक्यातली एक मुलगी नववीनंतर कापूस वेचायला जाणार होती. मावशीकडून तिला कळलं की बारावी करून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि त्याच्या वरच्या बी-२ पातळीपर्यंत जर्मन शिकलं तर तिकडच्या इस्पितळात नोंदणीची वाट आहे. ती शाळेत परत आली. पुढे जर्मनीला जाईल की धुळ्याच्या इस्पितळात लागेल, देव जाणे. बारावी झाली आणि लग्नाचा विषय आपोआप मागे पडला, हेच मला फार मोठं वाटतं. तुझ्या धाकट्या बहिणीलाही हे वाचून दाखव.

बहिणीचं आणखी एक बघ. शाळेच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना? आपल्याकडे गुरुजींनी १ जून लिहिलेली जन्मतारीख, कुठे 'भाऊ' जोडलेलं तर कुठे गळलेलं, असले प्रकार फार. दहावीच्या फॉर्मआधी दुरुस्ती सोपी असते, नंतर पासपोर्टच्या वेळी जीव मेटाकुटीला येतो.

आणि गावात कोणी "दीड लाख दे, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ" म्हणाला तर त्याला चहासुद्धा पाजू नकोस. नोंदणी असलेला एजंट सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेऊ शकतो. त्याची नोंदणी ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर दिसते. शेत गहाण टाकायची भाषा निघाली की तिथून उठायचं.

तुझं एकच गणित राहिलंय. एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, वर्ष वाया जात नाही. गणित सुटलं की पुढच्या वर्षी फिटर ट्रेडलाही अर्ज करता येईल, तेव्हा बघू. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचाय, उद्याच सरांना भेट आणि तारीख विचार. भाग २ चं पुस्तक घेऊन रविवारी भुसावळला ये, मुक्कामाच्या तयारीने. पायथागोरस आणि त्रिकोणमिती मी घेतो, बीजगणितासाठी आमच्या शेजारच्या मॅडमना सांगून ठेवलंय. चुलतदादाला सांग, या वेळी त्याने सुरतला एकट्याने जावं. फॉर्म भरलास की पावतीचा फोटो मला पाठव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा