अकरा वर्षं एकच काम केल्यावर नवीन वाटेवर आत्मविश्वास कुठून आणायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साताऱ्यात अकरा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभ्या आहात, वय 39, आणि आता लहान मुलांसाठी चित्रगोष्टी करायच्या आहेत. पण कागद पुढ्यात घेतला की हात थांबतो, लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते आणि स्वतःचं असं काही सुचतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीचा. 22 वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले आणि 44 व्या वर्षी नाटकाच्या नेपथ्यात शिरलो. म्हणून हे लिहितोय.

फ्लेक्स आला तेव्हा आमचं काम एका दिवसात गेलं नाही. आधी निवडणुकीच्या भिंती गेल्या, मग दुकानं गेली, शेवटी ट्रकचे मागचे फाळके आणि शाळांच्या भिंतींवरचे सुविचार एवढंच उरलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला आणि गावभागातली माझी कामाची खोली कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. त्याच हिवाळ्यात एक हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेची तयारी करत होती. त्यांना फ्लॅट, म्हणजे रंगमंचावर उभ्या करायच्या खोट्या भिंती, रंगवायला माणूस हवा होता. मी हो म्हणालो.

वाड्याची ओसरी उभी करायची होती. मी फोनवर मुंबईच्या मोठमोठ्या नाटकांचे सेट बघत बसलो आणि तसंच करायचं ठरवलं. बारीक ब्रश घेऊन चार रात्री लाकडाची एकेक शीर काढली. जवळून फार सुंदर दिसत होतं. तालमीला दिग्दर्शक म्हणाले, ‘पेंटर, जरा शेवटच्या रांगेत जाऊन बसा.’ तिथून पाहिलं तर सगळी भिंत म्हणजे एक तपकिरी डाग. शीर नाही, फळी नाही, काही नाही.

त्या रात्री झोप आली नाही. सेट बिघडला याचं दुःख होतंच, पण मला दुसरंच खात होतं. 22 वर्षं मी प्रत्येक बोर्ड अर्धा झाला की शिडीवरून उतरायचो, रस्ता ओलांडायचो आणि पलीकडच्या फुटपाथवरून बघायचो. शिडीवरून देखणं दिसणारं अक्षर पलीकडून वाचता आलं नाही तर पुसायचं, हे माझ्या गुरूंनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. लांबून काय दिसतं याचं ज्ञान त्या नाट्यगृहात माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला नसेल. पण नाटक नवीन, लोक शिकलेले, म्हणून मी माझं सगळं ज्ञान चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी चार इंची ब्रश घेतला. तीन छटा केल्या. बोर्डावरच्या अक्षराला एका अंगाने सावली देतो तशी प्रत्येक फळीला एकाच बाजूने जाड सावली मारली. शेवटच्या रांगेतून फळ्या उठून दिसायला लागल्या.

तेव्हापासून माझं असं ठाम मत झालंय की नव्या कामात आपला विश्वास ढळतो तो बहुतेक वेळा आपण कोरे आहोत असं समजून सुरुवात केल्यामुळे. तुम्ही कोऱ्या नाही आहात.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आलं आणि चित्रकला सोडावी लागली. रंग गेले, पण रेषा हातात राहिली. ती घेऊन ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, ते शिकवलंही. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी. त्यांच्या जिद्दीबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. मला मात्र त्यातली रेषेची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

आणि आमचे विष्णुदास भावे. कर्नाटकातून भागवतांची मंडळी सांगलीत खेळ करून गेली. तसं काही मराठीत व्हावं असं सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांना वाटलं आणि काम आलं या तरुणाकडे. मराठी नाटक कसं करायचं हे विचारायला त्यांच्यापुढे कुणी नव्हतं. त्यांच्यापाशी होतं ते गोष्टी रचायचं आणि बाहुल्या घडवायचं वेड. 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ झालं. सूत्रधार पदं म्हणणार आणि पात्रं त्याबरहुकूम हालचाल करणार, वेळेवर सुचेल ते बोलणार, अशी त्याची रीत होती. मला त्या रीतीत बाहुल्यांचाच खेळ दिसतो, फक्त दोरीच्या जागी गाणं आलं. भावे नाट्यमंदिरात सेट लावताना दर वेळी हे मनात येतं आणि धीर येतो.

आता सुचण्याबद्दल. मला सुचतं ते बहुतेक वेळा बघितलेल्यातून. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना तिथली धूळ उन्हात पिवळी दिसते, तो पिवळा मी एका नाटकात संध्याकाळच्या प्रकाशासाठी वापरला. हरिपूरला संगमावर जाऊन बसतो, कृष्णा आणि वारणेच्या पाण्याचे रंग बघतो. खिशात छोटी वही असते. तिच्यात रोज एक गोष्ट टिपायची, चित्र किंवा चार शब्द. ती वही कुणाला दाखवायची नाही, घरच्यांनासुद्धा नाही. दाखवायची म्हटली की हात शहाणा व्हायला बघतो.

नक्कल करायला घाबरू नका. बोर्डाच्या धंद्यात आम्ही सगळे गुरूंचं अक्षर गिरवूनच शिकलो. गिरवता गिरवता कुठे तरी आपली वेलांटी वेगळी पडते. ती खोडू नका, जपून ठेवा. तुमचं ‘स्वतःचं असं’ तिथूनच सुरू होईल.

लोकांचं म्हणाल तर सगळ्यांना विचारत फिरू नका. माझी दोनच माणसं आहेत. एक प्रकाशयोजना करणारा मित्र, तो तोंडावर सांगतो. दुसरी माझी मेहुणी, तिला नाटकातलं काही कळत नाही, पण कंटाळा आला की ती उठून चहा टाकायला जाते. तुमच्या बाबतीत दुसरं माणूस म्हणजे शेजारचं पाच-सहा वर्षांचं पोर. त्याला चित्र दाखवा आणि गप्प राहा. ते कुठे बोट ठेवतं आणि कुठून पान उलटतं तेवढं बघा.

नोकरी मात्र लगेच सोडू नका, हे कळकळीने सांगतो. मी दोन वर्षं दिवसा नंबरप्लेट रंगवून रात्री सेट केले. घरभाड्याची चिंता डोक्यावर असली की हात जपून चालतो आणि नवीन काही करून बघायची हिंमत होत नाही. शिवाय मोठ्या पुस्तकाने सुरुवात नको. आठ पानांची एक गोष्ट, घडी घालून शिवलेली, आणि ती कुणाच्या हातात द्यायची तो दिवस ठरलेला. पहिला अंक सुरू व्हायची वेळ ठरलेली नसती तर माझा तो सेट आजही अर्धाच राहिला असता.

शेवटचं, तुमच्या काउंटरबद्दल. तुम्ही त्याला ‘वाया गेलेली वर्षं’ म्हणालात ते मला लागलं. तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन आलेली आई, कडू औषध नको म्हणून रडणारी मुलगी, गोळ्यांची पाकिटं रंगावरून ओळखणारे आजोबा, हे सगळं तुम्ही अकरा वर्षं दोन हातांच्या अंतरावरून बघितलंय. त्या आजोबांना कुठली गोळी सकाळची आणि कुठली रात्रीची हे तुम्ही नक्कीच कधी ना कधी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून समजावलं असेल. काढलं असेल तर तुमची पहिली चित्रगोष्ट तीच. उद्या दुकानातून घरी आल्यावर त्या पाकिटापासून आठ पानं करायला घ्या. झाली की इथेच खाली कळवा, मला बघायला आवडेल.