१९२१ साली मुंबईत हजारी साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू: आकडा खरा धरायचा का?

जसाच्या तसा नाही. बालमृत्यूदर म्हणजे वर्षभरातले एक वर्षाखालच्या बाळांचे मृत्यू भागिले त्याच वर्षात नोंदलेले जन्म, गुणिले हजार. गोची भाजकात आहे. जावळी-पाटणकडच्या गिरणी कामगाराची बायको बाळंतपणाला गावी यायची. जन्म लागायचा सातारा जिल्ह्यात. बाळ घेऊन ती परळला परतली आणि ते दगावलं, तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. त्यामुळे दर फुगतो.

क्षयाचं नेमकं उलट. खोकल्याने खंगलेला बदली कामगार (गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला) खाडा झाला की मजुरीला मुकायचा, मग गावी येऊन मरायचा. शहराच्या नोंदीत तो सापडतच नाही.

म्हणून हाल कमी होते असं मात्र नाही. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे दोन तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते, आणि १९२८ च्या गिरणी संपात सहा महिने पगार नव्हता. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ चा; भत्ता मिळाला तरी खोलीत हवा-उजेड येत नव्हता.

घराण्यातल्या नोंदी शोधायच्या असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाचं कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) मागा. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. मृत्यूचं कारण 'ताप' एवढंच दिसलं तर त्यावरून रोग ठरवू नका. नोंद डॉक्टरने केलेली नसायची.