एकाच फोल्डरमध्ये शॉर्टकट का रुसतात?

प्रश्न : आमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात अजून ऑटोकॅड २०१० हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आहे. कमांडचे शॉर्टकट ठरवणाऱ्या पीजीपी फाइलमध्ये मी 'सी' म्हणजे कॉपी करून घेतलंय. बीमची नावं टाकायला लिस्प या ऑटोकॅडच्या प्रोग्रॅमिंग भाषेत 'बीएन' कमांड लिहून एकॅडडॉक.एलएसपीत ठेवली आहे. पण पेन ड्राइव्हवर आलेल्या एका फोल्डरमधली ड्रॉइंग उघडली की 'सी' चालतं, 'बीएन'ला मात्र 'अननोन कमांड' येतं. 'एक्स' (एक्सप्लोड) दाबून ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेल्या वस्तूंचा गट, तोही फुटत नाही. पीसी फॉरमॅट करू का?
— एक ड्राफ्ट्समन, इचलकरंजी

उत्तर : फॉरमॅटचं नावही काढू नका. 'सी' चालतं आणि 'बीएन' चालत नाही, यातच निम्मं उत्तर आहे. पीजीपी फाइल ऑटोकॅड सुरू होतानाच वाचली जाते, ड्रॉइंग कुठून उघडली याच्याशी तिचा संबंध नाही. एकॅडडॉक.एलएसपी मात्र प्रत्येक ड्रॉइंगबरोबर नव्याने लोड होते, आणि या नावाची पहिली फाइल सापडली की ऑटोकॅड पुढे शोधतच नाही. शोधाची सुरुवात होते चालू फोल्डर आणि ड्रॉइंग ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून. तुमच्या सपोर्ट पाथची, म्हणजे ऑटोकॅडला फाइली शोधायला नेमून दिलेल्या फोल्डरांची, पाळी त्यानंतर. म्हणजे त्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाची एकॅडडॉक.एलएसपी बसलेली असणार, आणि तुमची फाइल उघडलीच जात नाही.

खात्री करायची तर तीच ड्रॉइंग उघडी ठेवून कमांड लाइनवर कंसात फाइंडफाइल आणि दुहेरी अवतरणात फाइलचं नाव टाइप करा. पूर्ण पत्ता समोर येईल.

डॉसवरच्या रिलीज १२ वर आम्ही शिकलो तेव्हा ही भानगड नव्हती. एका वेळी एकच ड्रॉइंग, एकच एकॅड.एलएसपी. ऑटोकॅड २००० मध्ये एकदम अनेक ड्रॉइंग उघडता यायला लागल्या, तेव्हा प्रत्येक ड्रॉइंगसाठी ही 'डॉक'वाली फाइल आली. जुनी एकॅड.एलएसपी आता मूळ सेटिंगमध्ये एका बैठकीत एकदाच लोड होते. 'माझी लिस्प पहिल्या ड्रॉइंगला चालते, दुसऱ्याला नाही' अशी पत्रं येतात, त्यांचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आता 'एक्स'. काळजी वाटते ती याचीच. ठिपका देऊन '.एक्सप्लोड' टाइप करा. तसं चाललं, तर कुणीतरी अनडिफाइन ही कमांड वापरून मूळ एक्सप्लोड बंद केली आहे, आणि असले उद्योग लिस्पमधले व्हायरस करतात. २०१२ साली पेरूमध्ये पसरलेला मेड्रे नावाचा किडा तर लोकांच्या ड्रॉइंग चोरून ईमेलने बाहेर पाठवत होता. तेव्हा ऑटोकॅड बंद करा आणि पेन ड्राइव्हसकट सगळ्या डिस्कवर एकॅड.एलएसपी, एकॅडडॉक.एलएसपी, एकॅड.एफएएस आणि एकॅड.व्हीएलएक्स शोधा. एलएसपी फाइल नोटपॅडमध्ये वाचा. ड्रॉइंगवर ओढून टाकू नका, तशी ती लोडच होते! (मी टाकली होती. एका ग्राहकाच्या फोल्डरपायी अख्खी दुपार गेली.) तुमची नसलेली फाइल काढून टाका. एफएएस आणि व्हीएलएक्स कंपाइल केलेल्या असतात, वाचता येणार नाहीत. ऑफिसात कुणीच 'माझी' म्हणालं नाही, तर त्याही उडवा. मग रिडिफाइन कमांडने एक्सप्लोड परत आणा.

'बीएन' एकॅड२०१०डॉक.एलएसपीत हलवायचा मोह होईल. ती फाइल ऑटोडेस्कची स्वतःची आहे, तिला हात लावू नका. 'बीएन'ची वेगळी फाइल करा आणि ॲपलोड कमांडच्या चौकटीतल्या ब्रीफकेसच्या चित्राखाली, म्हणजे स्टार्टअप सूटमध्ये टाका. तिथली लिस्प प्रत्येक ड्रॉइंगला लोड होते, शेजारी कुणाची एकॅडडॉक असो वा नसो.

नव्या आवृत्त्यांत अनोळखी फोल्डरमधली लिस्प लोड होण्याआधी सिक्युअरलोडची चौकट समोर येते. २०१० मध्ये ती सोय नाही. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह लावल्यावर ड्रॉइंग उघडण्याआधी त्यात वरच्या चार फाइली आहेत का, एवढं तुम्हालाच बघावं लागेल.